कोपराला सोसंल ते पाणी

गाव आमचं केंदूर, शिरूर तालुका. पर तिथं मी फार ऱ्हायलोच न्हाई बघा ताई, सात-आठ वर्साचा असंल तवा बानं बिऱ्हाड उचललं आन् आम्ही राहूला आलो, दौंड तालुक्यात. केंदूरला तवा पाण्याच्या नावानं बोंब, बाजरी आली तर आली, आन् राहूला बघावं तिकडं ऊस, नदी उशाला, सकाळच्या पारी गुऱ्हाळांचा धूर सरळ वर निघालेला. पहिल्याच दिवशी रस उकळायचा वास नाकात शिरला आन् मी बाला म्हणलं, आता हिथनं हलायचं न्हाई. बा हसला. त्याला काम पायजे व्हतं, मला वास पायजे व्हता, दोघांचं बी एकाच जागी भागलं. आता तुम्ही म्हणलात, गरम पाण्याच्या शेकाचं सांगा, आन् मी गूळ काढून बसलो, पर थांबा जरा, गूळ सांगितल्याबिगर पाणी कळायचं न्हाई तुम्हाला.

बानं चुलवाणावर काम धरलं. चुलवाण म्हंजी काहिलीखालची भट्टी हो, वर ही एवढी थोरली लोखंडी काहिल, रसानं भरलेली, आन् खाली भोकातनं चिपाडं सारत बसायचं. बा गेला आन् त्या भोकापुढं मी बसलो. आम्ही बौद्ध. जाळ घालायला आम्ही चालायचो, काहिलीला हात लावायला न्हाई, तवाची रीतच तसली. पर आमच्या गुऱ्हाळावर आप्पा म्हणून म्हातारा गुळव्या व्हता. गुळव्या म्हंजी गुऱ्हाळाचा मास्तर, पाक कवा उतरवायचा ते त्यो ठरवणार, मालक सुद्धा त्याच्यापुढं बोलणार न्हाई. त्या आप्पानं बघितलं, ह्यो किसन्या न सांगता जाळ कमी करतोय, न सांगता वाढवतोय. एक दिवस म्हणला, किसन्या, वर ये. मी म्हणलं, वर कुठं. तर म्हणला, काहिलीपाशी, माझं डोळं गेलं, तू बघ. झालं, कुरकुर सुरू झाली, दोन-चार जण मालकाकडं गेलं. मालक म्हणला, बाजारात ढेप फोडून बघत्यात, करणाराची जात फोडून बघत न्हाईत, गूळ बिघडला तर या माझ्याकडं. गूळ काय बिघडला न्हाई. दोन हंगामात राहूपासनं केडगावपर्यंत लोकं म्हणाया लागली, किसनचा हात लागला पायजे.

हात का म्हणत्यात ते सांगतो. पाक झाला का न्हाई हे बघायला तवा कसलं मीटर न्हाई काय न्हाई. गार पाण्यात बोटं बुडवायची, तशीच उकळत्या पाकात घालायची, चिमूटभर पाक उचलायचा, परत पाण्यात, आन् गोळी वळायची. ती गोळी काहिलीच्या काठावर आपटली की टण्णदिशी वाजली पायजे. मऊ लागली तर ढेप बसायची न्हाई, जास्त कडक झाली तर गूळ काळा पडला म्हणून समजा. दिवसाला धा-बारा बार हात पाकात. ह्यो बघा हात. लावा की बोट, भिऊ नका. चामडं हाय का लाकूड, सांगा बरं. आता ऐंशीला टेकलो, काहिल सोडून कैक वर्सं झाली, तरी चुलीतला निखारा ह्या हातानं उचलून बाजूला ठेवतो मी. लय गमजा व्हती मला ह्या हाताची. का नसावी? ह्या हातानंच मला भोकापुढनं उठवून काहिलीपाशी नेलं व्हतं.

आता पाण्याचं. आमची सुभद्रा कवठे येमाईची. हितंच हाय, आत तांदूळ निवडतीया, समदं ऐकतीया, मी चुकलो की आतनं आवाज येणार बघा तुम्ही. तिची आई सुईण व्हती. बाळंतिणीचं शेकणं, लेकराची आंघोळ, मुरगाळलं, लचकलं, कंबर धरली, समदं तिच्याकडं. औषध म्हणाल तर काय, गरम पाणी, निरगुडीचा पाला आन् मूठभर मीठ. सुभद्रा लग्न होऊन आली तीच ही इद्या घेऊन आली. गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा अर्ध्यावर आडवा कापला, कडा हातोडीनं ठोकून बोथट केल्या, आन् त्यो डबा झाला तिचा दवाखाना. माझ्या आईचं गुडघं, शेजारणीची टाच, ऊसतोड्यांचं पाय, संध्याकाळी चार वाजले की दारात कोण ना कोण पाय सोडून बसलेलं. पाला उकळायचा, गाळायचा, त्यात गार पाणी सारायचं, आन् मग ही काय करायची माहितीय का, हाताची बाही वर सरकवायची आन् कोपर बुडवायची. असं. बगळा चोच बुडवतो तसं. मी पहिल्यांदा बघितलं तवा हसलो. म्हणलं, हात कशाला दिलाय मग देवानं? ती म्हणली, हात खोटं बोलतो, भाकरी थापून थापून त्याला काय कळत न्हाई, कोपर खरं बोलतं, कोपराला सोसंल तेच पाणी माणसाला द्यायचं. मी म्हणलं, गुळव्याच्या घरात येऊन गरम-गार शिकवतीस व्हय. तिनं बाही खाली केली आन् समोरच्याला म्हणली, सोडा पाय.

आन् एक नेम व्हता तिचा, ताजी सूज असली की गरम पाणी न्हाई म्हंजी न्हाई. दोन दिवस गार फडकं, पाय उशीवर, आन् तिसऱ्या दिवसापासनं शेक. लोकं घाई करायची, आवो वैनी टाका की गरम, लवकर उतरंल. ती म्हणायची, आग लागल्यावर घरात चूल पेटवता का?

आता माझ्या भावाचं ऐका, खरी गोष्ट तिथंच हाय. बबन माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्सांनी धाकटा. बा गेला तवा त्यो पाळण्यातनं नुकता उतरलेला, त्यो मलाच बा समजायचा म्हणा की. मी चुलवाणाला बसलो, पर त्याला शाळेतनं हलू दिला न्हाई. अकरावी पास झाला, आमच्या वस्तीतला पहिला. आन् ते दुष्काळाचं वर्स सरलं, त्याच्या मागनं दुसऱ्या हंगामात दौंडला पोलिसाची भरती निघाली. बबननं अर्ज टाकला, आन् बोलावणं आलं. काय सांगू तुम्हाला, कागद आला त्या दिवशी समद्या वस्तीनं त्यो हातात घेऊन बघितला, ज्यांना वाचता येत न्हाई त्यांनी बी उलटा-सुलटा करून बघितला. आमच्यातला कुणी वर्दी घातलेला तवर राहूनं बघितला नव्हता. बबन आधीपासनंच रोज सकाळी पाटाच्या भरावावरनं पळायचा, अनवाणी, ह्या टोकापासनं त्या पुलापर्यंत, आन् म्हाताऱ्या कोताऱ्या दारात उभ्या राहून बघायच्या. हरणावाणी पळायचा पोरगा. मला वाटायचं, आता काय, झालाच पोलीस.

भरतीला चौदा दिवस राहिलं आन् हा गुऱ्हाळावर आला मला डबा द्यायला. उसाची गाडी आत येत व्हती, हा मागं लटकला, लहानपणाची खोड, आन् उडी टाकली ती चिपाडाच्या ढिगावर. चिपाडाखाली दगड. पाय असा आत वळला. मी काहिलीपाशनं बघितलं, त्यो खाली बसला आन् उठलाच न्हाई. सांगतो तुम्हाला, त्या दिवशी माझ्या हातनं पहिल्यांदा पाक करपला. घोटा तासाभरात वांग्यावाणी सुजला, काळा-निळा. हाड मोडलं का काय म्हणून बैलगाडीत घालून डाक्टरकडं नेला, डाक्टर म्हणलं, हाड शाबूत हाय, शीर लचकलीय, आराम करा. आराम करा म्हणत्यात, आन् हितं चौदा दिवसांवर पळायचंय.

बबन रडला न्हाई, पर भिंतीकडं तोंड करून पडला. सुभद्रानं त्याला दोन दिवस गार फडक्यात ठेवला. मी चिडलो, म्हणलं दिवस चाललं, टाक की गरम. ती ऐकंना. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा काढला, पाला उकळला, मीठ टाकलं, कोपर बुडवलं, आन् म्हणली, भावजी, सोडा पाय. दिवसातनं दोनदा, सकाळी आन् चार वाजता, पाणी निवंस्तवर पाय आत, मग कोरडा पुसून तिळाचं तेल, आन् बोटं वर-खाली, वर-खाली. आन् ताई, उतरायला लागली की सूज. पाचव्या दिवशी टाच टेकली. सहाव्या दिवशी काठी टाकली. आठव्या दिवशी सकाळी मी बघतोय तर पठ्ठ्या दारातनं विहारापर्यंत चालत गेला आन् येताना चार पावलं पळाला. मी तर नाचलोच. शेजारची म्हातारी म्हणली, अरे किसन, वरात हाय का काय. मी म्हणलं, वरातच समज आजी.

आन् हितं माझं डोकं फिरलं. सुभद्राच्या भावजयीला मुलगी झालेली, कवठ्याला बारसं, तिला जाणं भाग व्हतं, एक मुक्काम. जाताना तिनं मला समोर बसवून सांगितलं, पाला उकळून ठेवलाय, नुसतं गरम करा, गार पाणी सारा, आन् कोपर बुडवल्याबिगर पाय सोडू देऊ नका. मी व्हय व्हय म्हणलं. कोपर काय, म्हणलं, हितं बारा बार पाकात हात घालणारा माणूस बसलाय.

ती गेली. चार वाजता मी गुऱ्हाळावरनं आलो, बबनला बसवला, डबा पुढं ठेवला. आता आमच्या धंद्यातली अक्कल अशी, की पाक मागं राहिला तर जाळ वाढवायचा. मी म्हणलं, सहा दिवसात एवढं उतरलं, तर जरा जाळ वाढवला तर उद्या पळंल की हा. पाणी गरम केलं, गार सारलं थोडंच, आन् ह्यो हात बुडवला. कोमट. शपथ घेऊन सांगतो, मला कोमट लागलं. वर आणखी एक तांब्या आधणाचा टाकला, परत हात घातला, म्हणलं, हां, आता बरं झालं. बबनला म्हणलं, सोड पाय.

त्यानं पाय सोडला. तोंडातनं एक आवाज आला, हुं असा, बस. मी म्हणलं, काय रे, लय गरम हाय का? त्यो म्हणला, न्हाई दादा. मी परत हात घातला, म्हणलं, कोमट हाय की रे. त्यो म्हणला, व्हय दादा. आन् मी तिथंच बसून त्याला आप्पाच्या गोष्टी सांगतोय, गुळाच्या सांगतोय, त्यो डबा तसा, त्याचा पाय तसा, आन् त्यो दोन्ही हातांनी खाटेची कड धरून बसलेला. मी बघितलंच न्हाई ती कड धरलेली. ते मला मागनं आठवलं, आन् अजून आठवतंय.

पाय बाहेर काढला तर लालभडक, टोमॅटोवाणी, घोट्यापासनं बोटांपर्यंत वरचा पाय समदा. मला वाटलं, रगत खेळतंय, चांगलं हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायावर फोड, ह्ये एवढं एवढं. आन् भरतीला पाच दिवस.

सुभद्रा दुपारच्या एसटीनं आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं पाय बघितला. मला वाटलं आता ही घर डोक्यावर घेणार. तर तिनं चुलीवर पाणी ठेवलं, डब्यात ओतलं, गार सारलं, आन् मला म्हणली, काल कसं केलं ते करा. मी पाणी वाढवत गेलो, हात घालत गेलो, आन् म्हणलं, हे असं व्हतं, कोमट. मग तिनं माझी बाही वर सरकवली, मनगट धरलं आन् माझं कोपर त्या पाण्यात टेकवलं.

काय सांगू तुम्हाला. मी असा उडालो की डबा लवंडला. कोपराला चटका बसला तो सरळ डोक्यात गेला. त्याच पाण्यात माझा हात आत्ता मजेत व्हता ना. मी कोपर धरून बसलो आन् बबनकडं बघितलं. तवा ती बोलली, एवढंच बोलली, तुमचा हात काहिलीचा हाय, माणसाचा न्हाई.

मी बबनला म्हणलं, अरे गाढवा, भाजत व्हतं तर पाय का काढला न्हाईस? त्यो खाली बघून म्हणला, दादा, तू म्हणलास कोमट हाय. मला वाटलं मलाच सोसत न्हाई, आन् हे एवढं सोसवत न्हाई त्यो पोलीस काय व्हनार.

ताई, मी मोठा माणूस, तीस वर्साचा, चुलीपुढं बसून रडलो. लाज न्हाई मला सांगायला. ज्या हाताची एवढी गमजा, ज्या हातानं घराला वर आणलं, त्याच हातानं भावाचा पाय भाजला, आन् तेबी औषध म्हणून. वस्तीतली लोकं येऊन बघून जायची, कुणी मला काय म्हणलं न्हाई, ते न म्हणणंच लय लागत व्हतं.

पर सुभद्रा बसून राहणारी बाई न्हाई. डाक्टरकडं परत नेला. डाक्टरनं मलम दिलं, सांगितलं, फोड फोडू नका, बूट घालू नका, आन् पळायचं तर नावच काढू नका. घरी आल्यावर हिनं बबनचा पाय मांडीवर घेतला, उलटा केला आन् तळवा बघितला. तळवा कोरा. एक फोड न्हाई. रोज अनवाणी पळून पळून तळव्याला ही एवढी साल चढलेली, त्याला पाणी काय कळणार. ती माझ्याकडं बघून म्हणली, एकाच घरातली दोन चामडी, एकानं भाजलं, एकानं वाचवलं. आन् आतली लचक? ती बरी झालेली, घोटा फिरत व्हता. म्हंजी बूट न घालता पळता येईल, फोड फुटला न्हाई तर. बबन म्हणला, वैनी, मी पळणार. मी म्हणलं, डाक्टर न्हाई म्हणलंय. त्यो म्हणला, डाक्टर न्हाई म्हणलंय, दादा काय म्हणतोय? मी सुभद्राकडं बघितलं. ती म्हणली, तुमचा पाय हाय भावजी, दुखलं तर थांबायचं, ह्या खेपेला तोंडानं सांगायचं. त्यानं मान हलवली.

पाच दिवस पाय खाटेवर, फडकं बी लागू दिलं न्हाई त्याला. भरतीच्या दिवशी पहाटं बैलगाडीनं केडगाव स्टेशन, तिथनं पॅसेंजरनं दौंड. दौंडला उतरलो आन् मी म्हणलं, बस पाठीवर. त्यो म्हणला, दादा, लोकं बघत्यात. मी म्हणलं, बघू दे. धूळ लागली, ठेच लागली, फोड फुटला, मग? घेतला पाठकुळी आन् निघालो. वीस वर्साचा उंच गडी, त्याचं पाय माझ्या गुडघ्याखाली लोंबतात, आन् मी बाजारातनं चाललोय. पोरं हसायला लागली. एक जण म्हणला, पाव्हणं, पोलीस व्हायला चाललाय का नवरदेव. मी म्हणलं, दोन्ही, आधी पोलीस. मैदानाच्या फाटकापर्यंत तसाच नेला, आन् फाटकात खाली उतरवला, फुलावाणी.

आत फक्त पोरं. बाहेर तारंचं कुंपण, तिथं आम्ही. वीस-पंचवीस पोरं एका ओळीत, बहुतेकांच्या पायात कॅनव्हासचं बूट, आन् हा एकटा अनवाणी, एका पायावर मलम चमकतंय. चार फेऱ्या. शिट्टी वाजली. पहिल्या फेरीला हा मागनं तिसरा. दुसऱ्या फेरीला बी मागंच, पाय जपून टाकत व्हता. मला ऱ्हावंना, मी कुंपणाच्या बाहेरनं पळायला लागलो, त्यो आतनं, मी बाहेरनं, चप्पल कुठं गेली देव जाणे. मी वरडतोय, बबन, जाळ वाढव, जाळ वाढव. काय वरडतोय ते माझं मला कळंना, गुऱ्हाळावरचंच तोंडात आलं. आन् त्यानं ऐकलं ताई. तिसऱ्या फेरीला सुटला. एक मागं टाकला, दोन टाकले, पाच टाकले, पुढं मोजायचंच राहिलं. चौथ्या फेरीला माझ्यासमोरनं गेला तवा मी बघितलं, फोड फुटलेला, पाय ओला, आन् हा पळतोय, तोंड उघडं, डोळं पुढं. तिसरा आला. पंचविसात तिसरा. मी तारंला धरून उभा, तळहाताला तार टोचली व्हती, रगत आलं तवा कळलं.

दुपारी तपासणीला डाक्टर सायबांनी पाय धरला. हे काय रे? बबननं सांगितलं, शेकायला पाणी घेतलं सायब. एवढं गरम? दिलं कुणी? मोठ्या भावानं. आन् तू पाय काढला न्हाईस? न्हाई सायब. का? तर हा म्हणतोय, दादा म्हणला कोमट हाय. सायब असं हसलं म्हणं, शेजारच्या सायबाला बोलावून सांगितलं, ह्याला घ्या, ह्यो हुकूम मोडणारा न्हाई. पर मग बबनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणलं, पुढं असं भाजलं तर सांगायचं बाळा, हुकूम देणारा बी चुकतो. हे बबननं येताना गाडीत मला सांगितलं, आन् सांगताना माझ्याकडं न बघता खिडकीतनं बाहेर बघत व्हता. संध्याकाळी नावं लागली, त्यात त्याचं नाव व्हतं. राहूच्या वेशीपासनं वस्तीपर्यंत हलगी लागली, आन् त्याला गाडीवरनं खाली उतरू दिला न्हाई कुणी. सुभद्रानं आधी पाय धुतला, मग ओवाळला.

बबन चांगला हवालदार होऊन पेन्शनीत गेला. पायावर अजून पांढरट डाग हाय, पावसाळ्यात खाजतो म्हणतो. नातवंडं विचारत्यात, आजोबा हे काय, तर त्यो सांगतो, ही आमच्या दादाची सही हाय. मी बसलेलो असलो की मुद्दाम सांगतो.

आता आमचं काय, दोघंच. सुभद्राचं गुडघं धरल्यात, घोटं सुजत्यात, आन् जी समद्या वस्तीचं पाय शेकायची तिला आता डबा उचलवत न्हाई. म्हणून चार वाजले की मी करतो. पाला मी आणतो, मीठ मी टाकतो, आन् बाही वर सरकवून कोपर बुडवतो. हात न्हाई, कोपर. पन्नास वर्सं झाली, कुणाला बी पाणी दिलं तरी कोपर चुकवलं न्हाई, नातवंडांच्या आंघोळीला सुद्धा. पर तुम्हाला गंमत सांगतो. मी कोपर बुडवून म्हणलं ना, झालंय गं बरोबर, तरी ही बाई वाकणार, आपलं कोपर बुडवणार, मगच पाय सोडू देणार, पाय तिचा असो न्हाईतर दुसऱ्या कुणाचा. पन्नास वर्सं. कवा बोलली न्हाई त्यावरनं, टोमणा न्हाई, पर आपलं कोपर बुडवल्याबिगर पाय न्हाई. मी बी कवा काय म्हणलं न्हाई. मनात म्हणायचो, बरोबरच हाय तिचं.

तर परवा, ह्या सोमवारी, मी डबा ठेवला, कोपर बुडवलं, म्हणलं, झालंय. आन् तिचं वाकणं होईना म्हणा, का काय म्हणा, मला ठाव न्हाई, तिनं माझ्याकडं बघितलं आन् सरळ दोन्ही पाय सोडले पाण्यात.

मी विचारलं, बरं हाय का गं पाणी?

व्हय, म्हणली.

ऐका, आतनं हसतीया बघा. लिवा ताई, हे बी लिवा. तुमचं भलं व्हवो, तुमच्या घरातल्या थोरामोठ्यांचं पाय बरं ऱ्हावोत. आन् पाणी दिलंत कुणाला, तर कोपर बुडवून द्या.